बिजलीला बापाचा जोडा लावू नका

पत्र

नमस्कार मॅडम,

आमची वस्ती जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. माझ्याकडे सव्वा वर्षाची करवानी कुत्री आहे, नाव बिजली. यंदाच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच डॉग शोला नेली. करवानीच्या रिंगमध्ये तिघंच होते, तिचा दुसरा नंबर आला. जजनी तिच्या छातीचं आणि चालीचं कौतुक केलं. तिचा बाप नोंदणीचे पेपर असलेला चॅम्पियन आहे. त्याचे मालक म्हणतात, पुढच्या माजाला बापालाच लावू, म्हणजे ‘टाइप फिक्स’ होतो, पिल्लं एकसारखी निघतात. पिल्लांना गिऱ्हाईक ते बघतील, पैसे निम्मे-निम्मे. आजोबांचं म्हणणं वेगळं. विजापूरकडच्या पाहुण्यांच्या मळ्यात एक नर आहे, तोच लावायचा. त्याला पेपर नाहीत, शो तर त्याने बघितलेलाही नाही. वडील म्हणतात, कुत्र्यापायी वेळ घालवतोसच तर चार पैसे तरी दिसू देत. अजून एक. बिजलीच्याच वेतात एक पिल्लू कानाला आणि शेपटीला लांब केसांचं निघालं होतं. भेसळ आहे म्हणत लोकांनी ते घेतलं नाही. हे ऐकून बिजलीबद्दलही शंका येते. मला ही जात नीट सांभाळायची आहे आणि शोही करायचे आहेत. काय करू?

— एक वाचक, जत तालुका

उत्तर

नमस्कार,

बिजलीला बापाचा जोडा लावू नका, हे मी सगळ्यात आधी सांगते. पुढचं सगळं त्याला धरूनच आहे.

सुरुवात त्या लांब केसांच्या पिल्लापासून करू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच्यातच आहे. कुत्र्यांमध्ये साधारणपणे आखूड केसांचा जनुक लांब केसांच्या जनुकावर वरचढ असतो. म्हणजे आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगात लांब केसांचा जनुक पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो, दिसत नाही. तो जनुक आई आणि बाप दोघांमध्ये असेल, तर सरासरी चार पिल्लांतलं एक लांब केसांचं निघतं. अरबस्तानातल्या सालुकी कुत्र्यांत असेच दोन प्रकार आहेत, गुळगुळीत केसांचे आणि झालरीचे, आणि दोन्ही सालुकीच मानले जातात. आपल्याकडे कान, शेपटी आणि पायांच्या मागे रेशमी झालर असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात. लातूरकडे पश्मी हौसेने पाळतात. करवानी आणि पश्मी ही एकाच दख्खनी घराण्यातली भावंडं. तेव्हा एखादं पिल्लू झालरीचं निघालं म्हणजे कुंपणावरून कुणी परका नर आला होता, असं होत नाही. जे पिल्लू कुणी घेतलं नाही ते अजून हयात असेल तर शोधा. ते कुणाकडे आहे, कसं वाढलं, हे तुमच्या वहीत यायला हवं. वहीबद्दल पुढे सांगते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ते पिल्लू निघालं म्हणजे चॅम्पियन बापाच्या अंगात लांब केसांचा जनुक लपलेला आहे, आणि रिंगमधल्या एकाही जजला तो दिसला नाही. दिसणं शक्यच नव्हतं. केस लांब असले म्हणून कुत्र्याचं काही बिघडत नाही. पण जसा हा जनुक लपून राहिला, तसाच डोळ्याचा, हृदयाचा किंवा रक्ताचा एखादा दोषही लपून राहू शकतो. निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक कुत्र्यात असं काही ना काही दडलेलं असतं, आणि माणसातही असतं. बापात असा एक दोष दडलेला असेल तर तो बिजलीत उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल आणि तिला पुन्हा बापच लावला, तर चारातल्या एका पिल्लात तो उघड होणार. दोन्ही मिळून हिशेब केला, तर बापात लपलेल्या अशा प्रत्येक दोषामागे सरासरी आठातलं एक पिल्लू. असे दोष एकाहून जास्त असतात आणि कोणते आहेत ते आधी कळत नाही. पैदाशीच्या भाषेत बाप-लेकीच्या जोड्यातून झालेल्या पिल्लाचा रक्तसंबंध 25 टक्के धरतात. सख्ख्या भावंडांचाही तेवढाच, सावत्र भावंडांचा साडेबारा, चुलत भावंडांचा सव्वासहा.

चॅम्पियनचे मालक खोटं बोलत नाहीत. जवळच्या नात्यात जोडा लावला की पिल्लं एकसारखी निघतात, हे खरं आहे. इंग्लंड-युरोपातल्या बऱ्याच जाती एकोणिसाव्या शतकात अशाच घट्ट केल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी जाती आज त्याचं दुखणं भोगताहेत. ज्या जातीची हजारो नोंदणीकृत कुत्री आहेत, तिथेही हे महागात पडलं. आपल्या करवानीची नोंदणी असलेली कुत्री मोजकी. त्यात शोला उतरणारी आणखी मोजकी. तुमच्या रिंगमध्ये तिघंच होते, हे तुम्हीच लिहिलंय. त्या मोजक्यांतल्या एकाच नराला सगळे मादी आणू लागले तर पाच-सहा वर्षांत पिल्लं भरपूर दिसतील, पण ती सगळी एकमेकांची भावंडं असतील. मग तुम्ही कितीही मनापासून नर शोधला तरी परक्या रक्ताचा मिळणार नाही. जात संपते ती अशीही, गोठे भरलेले असताना.

तुमच्या भागातल्या माणसाला हे मी समजावून सांगावं असं नाही. माडग्याळी मेंढरं पाळणारा कुठलाही धनगर कळपातला मेंढा ठरावीक काळाने बदलतो, स्वतःच्या लेकींवर राहू देत नाही. तुमच्या आजोबांचं म्हणणं त्याच अनुभवातून आलं आहे, म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. मात्र पाहुण्यांचा नर चांगलाच असेल, असं डोळे झाकून मी म्हणणार नाही. तो बघावा लागेल.

कसा बघायचा ते सांगते. एकदा नाही, दोन वेळा जा, आणि त्यातली एक वेळ अशी की तुम्ही येणार हे कुणाला माहीत नसेल. पहिल्यांदा त्याला नुसतं मोकळं चालताना बघा. तिरका चालतो का, मागचे पाय एकमेकांना घासतात का, दमल्यावर लवकर सावरतो का. मग हात लावा. डोकं लांब आणि अरुंद, डोळे बदामी आकाराचे, छाती खोल, पोट वर ओढलेलं, पाठीच्या शेवटी कंबरेची दोन हाडं वर आलेली. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर त्याला उपाशी समजू नका, या कुत्र्याची ठेवणच तशी. ओठ उचलून दात पाहा, वरची आणि खालची फळी कात्रीसारखी बसायला हवी. दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत. एकच असेल तर तो नर पैदाशीतून बाद, कितीही देखणा असला तरी. आणि स्वभाव. करवानी परक्याला पटकन हात लावू देत नाही, मागे सरकतो, तोंड फिरवतो. तेवढं चालतं. कोपऱ्यात थरथरणारा किंवा विनाकारण चावायला धावणारा नको, हे पिल्लात उतरतं.

यानंतरचा प्रश्न कुत्र्याला नाही, माणसांना विचारायचा. याची आई कुणाच्या वस्तीवरची? बाप कुठला? भावंडं किती जगली, कशाने गेली? आजी किती वर्षांची होऊन मेली? तुमच्या भागातली जुनी माणसं कुत्र्याच्या तीन-तीन पिढ्या तोंडपाठ सांगतात आणि ती माणसं गेली की ती माहिती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून एक जाड वही करा. प्रत्येक कुत्र्याला एक पान: मालक, गाव, जन्म, आई-बाप, खांद्यापाशी मोजलेली उंची, रंग, केस, आजार, मृत्यूचं कारण. सोबत समोरून, बाजूने आणि मागून काढलेला फोटो. पेपर नसलेल्या नरासाठी तुमची वही हाच पेपर, आणि बिजलीचा बाप किंवा आई त्याच्या नात्यात कुठे बसते का, हेही तिथेच कळेल. सीमाभागात कुत्री इकडून तिकडे सारखी जातात, तेव्हा विजापूरचा नर परका असेलच असं गृहीत धरू नका.

हे सगळं विचारताना एक सावधगिरी ठेवा. ऑगस्ट 2020मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचं आणि मुधोळचं, म्हणजे आपल्या करवानीचंच, नाव घेतलं, त्यानंतर मागणी वाढली आणि शर्यतीच्या हौसेपायी ग्रेहाउंडचा मिलाफ केलेली कुत्रीही करवानी म्हणून विकली जाऊ लागली. ग्रेहाउंड गुळगुळीत केसांचाच असतो, त्यामुळे लोक ज्याला भेसळ म्हणाले ते झालरीचं पिल्लू खरं घरंदाज आणि ज्याला असल म्हणून मिरवतात तो मिलाफाचा, असंही होऊ शकतं. फक्त फोटो पाहून कोणताही जोडा ठरवू नका.

तुम्हाला मुधोळ फार लांब नाही. तिथे तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे. एक दिवस काढून नक्की जा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, त्यांची जोपासना केली, ती परंपरा तिथे आता शास्त्राच्या हाताने चालू आहे. एकाच ठिकाणी बरीच कुत्री शेजारी-शेजारी पाहिली की नजर तयार होते. घरच्या एका कुत्रीवरून ती होत नाही. आजोबांनाही घेऊन जा.

आता बिजलीची वेळ. ती सव्वा वर्षाची आहे, म्हणजे अजून थांबायचं. 2017च्या श्वानपैदास आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे मादी किमान 18 महिन्यांची आणि पशुवैद्यकाने तंदुरुस्त ठरवलेली हवी. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नकोत, आठ वर्षांनंतर अजिबात नको. जवळच्या नात्यातला जोडा त्याच नियमांत मना केलेला आहे, तेव्हा बाप लावायचा बेत कायद्यातही बसत नाही. चॅम्पियनच्या मालकांना हे एक कारण सांगायला तुम्हाला सोपं जाईल. पिल्लं विकणार असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते. पिल्लाला मायक्रोचिप लागते आणि आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडून विकता येत नाही. मला विचाराल तर बिजलीला दोन वर्षांची होऊ द्या. या जातीच्या कित्येक माद्या सहा महिन्यांऐवजी आठ-दहा महिन्यांनी माजावर येतात, त्यामुळे एक माज सोडला तर फार उशीर झाला असं वाटेल. वाटू द्या.

जोडा लावायच्या महिनाभर आधी दोघांचंही रक्त तपासून घ्या: ब्रुसेला, आणि गोचीडतापासाठीची तपासणी. ब्रुसेलाने गर्भ पडतो, नर कायमचा निकामी होऊ शकतो, आणि तो माणसालाही होऊ शकतो. पाहुण्यांना हे सांगताना संकोच वाटेल, पण खर्च तुम्ही करा आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. माज सुरू झाल्याचा पहिला रक्ताचा थेंब दिसला तो दिवस वहीत लिहा. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास मादी नराला उभी राहते, पण दिवस मोजून बसण्यापेक्षा तिच्याकडे बघा. स्राव लालचा फिकट पिवळसर होतो, पाठीला हात लावला की शेपटी बाजूला करते. जोड्याचा नेमका दिवस कळायला मिरज-सांगलीला रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करून मिळाली तर उत्तम. मादीनेच नराकडे जायचं. गाठ पडली, म्हणजे नर-मादी एकमेकांत अडकली, की दहा मिनिटं ते अर्धा तास ती राहते. कुणी पाणी ओतायला किंवा ओढायला आलं तर हाकलून द्या, दोघांनाही कायमची इजा होऊ शकते. एक दिवस सोडून दुसऱ्यांदा जोडा लावा, तेवढं पुरे.

मग साधारण 63 दिवस. या काळात लोक हमखास एक चूक करतात, कॅल्शियमची बाटली. गाभण कुत्रीला वरून कॅल्शियम पाजलं की तिच्या शरीराची स्वतःचं कॅल्शियम हाडांतून काढायची सवय मोडते, आणि पिल्लं दूध ओढू लागली की तिला अचानक झटके येतात. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांना देतात तो चांगला आहार थोडा थोडा वाढवत न्या, अंडी द्या, बाटली नको. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक एक्स-रे काढला तर पिल्लं किती ते कळतं, म्हणजे विताना एक आत राहिलंय का हा घोर राहत नाही. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. एरवी 101 फॅरनहाइटच्या आसपास असतो, तो 99च्या खाली आला की साधारण एका दिवसात ती वितेल. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर फोन करत बसू नका, गाडीत घाला आणि निघा.

आणि हे कागदावर लिहून कुत्रीच्या फाइलला लावा: ‘ही शिकारी जातीची सडपातळ कुत्री आहे, भुलीसाठी थायोपेंटोन वापरू नये.’ या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि ते औषध त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे इतर कुत्रा तासाभरात उठेल तिथे ही उठता उठत नाहीत. सिझेरियनची वेळ मध्यरात्री येते आणि समोरचे डॉक्टर नेहमी अल्सेशियन-लॅब्रेडॉर बघणारे असू शकतात. प्रोपोफॉल किंवा आयसोफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या औषधांची सोय कुठल्या दवाखान्यात आहे, हे आधीच विचारून ठेवा.

शोबद्दल थोडक्यात. शो कराच, त्याशिवाय ही जात लोकांच्या नजरेत राहणार नाही. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया हिला कॅरव्हॅन हाउंड म्हणते, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणते. बिजलीचे पेपर ज्यांचे, त्यांच्याच शोला त्या नावाने उतरवा. पाहुण्यांच्या नरापासून झालेल्या पिल्लांना पेपर मिळतील का, विनानोंदणी देशी कुत्र्यांची पाहणी करून नोंद घेण्याची काय पद्धत आहे, हे क्लबला जोडा लावायच्या आधी लेखी विचारा. उत्तर नकारार्थी आलं तरी माझा सल्ला तोच राहील. तयारी म्हणून रोज पाच मिनिटं बिजलीला सैल दोरीवर दुडक्या चालीने गोलात फिरवा, मग शांत उभी करा आणि दर दिवशी वेगळ्या माणसाला तिचे दात बघू द्या, अंगावरून हात फिरवू द्या. मळ्यात वाढलेली कुत्री लाउडस्पीकरला आणि गुळगुळीत फरशीला बिचकते, त्याची सवय बाजाराच्या गावी करून घ्या. तिला शोसाठी लठ्ठ करू नका. जजला मांडीचा स्नायू बघायचा असतो आणि तो मोकळ्या रानात पळूनच येतो. मात्र रानात सशामागे सोडू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, कुत्र्याच्या हौसेची सबब तिथे चालत नाही.

तिघांत दुसरा नंबर आला याचा आनंद जरूर माना, जजचं छातीबद्दलचं बोलणंही लक्षात ठेवा. फक्त जज त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या कुत्र्याचं रूप आणि चाल तपासतो. तिची आजी किती जगली, भावंडांना काय झालं, ती कशी विते, हे त्याच्यासमोर येतच नाही. ते बघायचं काम तुमचं.

वडिलांचा पैशाचा प्रश्न योग्य आहे. खरा हिशेब मांडला तर तपासण्या, आहार, लसी, जंताची औषधं, मायक्रोचिप आणि एखादं सिझेरियन धरून पहिल्या वेतात हाताला फारसं काही लागणार नाही. हे त्यांना आताच सांगा, वेत झाल्यावर नको. पिल्लं देताना एक लेखी कागद करा: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं परत तुमच्याकडेच यायचं, दुसऱ्याला विकायचं नाही. ज्याच्याकडे मोकळी जागा नाही त्याला देऊ नका, त्याने दुप्पट रक्कम दिली तरी. एक मादी पिल्लू स्वतःकडे ठेवा. झालरीचं एखादं निघालं तर ते फुकटात खपवू नका. लातूरकडे पश्मी पाळणारी घरं शोधा, तिथे त्याला मान मिळेल.

चॅम्पियनचे मालक नाराज होऊ नयेत असं वाटत असेल तर त्यांच्याशी संबंध तोडायचं काही कारण नाही. त्यांना सांगा, बिजलीची ठेवून घेतलेली लेक मोठी झाली की तिच्यासाठी तुम्ही सांगाल त्या परक्या रक्ताच्या नराचा विचार करू. तोपर्यंत त्यांच्या चॅम्पियनची कुठल्या गावात किती वेतं झाली आणि त्यातली किती पिल्लं जगली, याची यादी मागा. ते देतील तर तुमच्या वहीची पाच-दहा पानं एका दिवसात भरतील. देणार नाहीत, तर त्यांच्या नराचा जोडा का नको, हे वडिलांना समजावणं तुम्हाला आणखी सोपं जाईल.

दोन्ही कुत्र्यांचे रक्ताचे रिपोर्ट आले की वहीतल्या त्या दोन पानांच्या फोटोसह मला पाठवा. तारीख ठरवायच्या आधी पाठवा.